वैद्याच्या गौरवचित्रात वैद्य का नसतो?

चिनी वैद्याला कृतज्ञतेने भेट दिलेल्या पारंपरिक चित्रात पुष्कळदा वैद्य दिसतच नाही. उभ्या लांब पटावर बहरलेली जर्दाळूची झाडं, कधी त्यांच्या बुंध्याशी बसलेला वाघ आणि वर चार अक्षरं: ‘जर्दाळूच्या बनात वसंताची ऊब’. ज्याला कथा ठाऊक नाही, तो फुलांचं चित्र म्हणून बघून पुढे जाईल.

कथा दोंग फेंगची आहे. मूळचा आग्नेय चीनमधल्या आजच्या फूचौ शहराकडचा हा वैद्य तिसऱ्या शतकात, चीनची तीन राज्यं झाली होती त्या धामधुमीत, लूशान डोंगरात येऊन राहिला. औषधोपचाराचे तो पैसे घेत नसे. मोठ्या दुखण्यातून उठलेल्याने जर्दाळूची पाच झाडं लावायची, किरकोळ आजारातून बरा झालेल्याने एक. पाहता पाहता लाखभर झाडांचं बन झालं. फळं पिकली की तो सांगे, जेवढं भांडंभर धान्य आणाल तेवढीच फळं न्या, मला विचारायलाही येऊ नका. कुणी धान्य कमी ठेवून फळं जास्त भरली, तर बनातले वाघ डरकाळ्या फोडत मागे लागत. पळता पळता फळं सांडत आणि घरी जाऊन मोजावीत तर बरोबर दिलेल्या धान्याइतकीच उरलेली असत. जमलेलं धान्य गोरगरिबांना आणि वाटेत शिधा संपलेल्या प्रवाशांना जाई.

ही हकिकत गे होंग (283–343) याच्या नावावर असलेल्या सिद्धपुरुषांच्या चरित्रांत येते, म्हणून ती इतिहासापेक्षा आख्यायिकाच मानायला हवी. त्याच चरित्रात दोंग फेंग एका मेलेल्या अधिकाऱ्याला गोळ्या देऊन उठवतो. तरीही वैद्याचा मान करताना लोकांनी तो चमत्कार उचलला नाही, झाडं उचलली. मला या परंपरेतलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. प्रत्येक झाड म्हणजे बरा होऊन स्वतःच्या पायांनी डोंगर चढून आलेला एक माणूस. शिवाय जर्दाळूच्या कडू बियांतला गर चिनी वैद्यकात खोकला आणि दम्यावर आजही वापरतात.

प्रत्यक्ष उपचार दाखवणारी चित्रंही आहेत. तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात सोंग राजवटीच्या काळातला (दहावं ते तेरावं शतक) चित्रकार ली तांग याच्या नावाने ओळखलं जाणारं एक चित्र आहे. त्यात खेड्यातला वैद्य झाडाखाली रोग्याच्या उघड्या पाठीला औषधी पाल्याचा डाग देतोय, घरच्यांनी रोग्याला घट्ट धरलंय, तो तोंड वासून ओरडतोय आणि मागे शिकाऊ पोरगा मलमपट्टी घेऊन तयार उभा आहे. चित्र विलक्षण जिवंत आहे, पण त्यात वेदना दिसते; बरं झाल्यानंतरचं समाधान दाखवायला चित्रकार जर्दाळूच्या बनाकडेच वळत आले.

आता चिनी दवाखान्यांत सोनेरी अक्षरांचे लाल रेशमी पट भेट देण्याची पद्धत जास्त आहे. जर्दाळूचं बन मात्र त्यांच्या मजकुरातही हमखास सापडतं.