दुःखामुळे स्तनात गाठ होते का?

ऑक्टोबर आला की गुलाबी फितींच्या जोडीने एक फॉरवर्डही दरवर्षी फिरायला लागतो. चिनी वैद्यांनी शेकडो वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय म्हणे, की स्तनाचा कॅन्सर हा मनात कोंडलेल्या रागाचा आणि दुःखाचा आजार आहे. खाली कसला तरी काढा, श्वासाचा एखादा व्यायाम आणि ‘दहा मैत्रिणींना पाठवा’. यातला पहिला भाग खोटा नाही. चिनी वैद्यांनी तसं खरंच लिहिलंय, आणि त्यांची नजर इतकी बारीक होती की ते थट्टेवारी नेण्यात अर्थ नाही. चुकलं ते पाहण्यात नाही, कारण लावण्यात.

झू दानशी (१२८१–१३५८) हा झेजियांग प्रांतातला नावाजलेला वैद्य. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जिला नवऱ्याचा जिव्हाळा नाही, सासू-सासऱ्यांची माया नाही, जी चिंता, संताप आणि घुसमट दिवसरात्र गिळत राहते, तिच्या प्लीहेची ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती खुंटते, यकृताची ‘ची’ आडवी शिरते आणि स्तनात एक लपलेली गाठ धरते. मोठ्या सोंगटीएवढी. दुखत नाही, खाजत नाही. कित्येक वर्षांनी ती फुटते, खडकातल्या कपारीसारखी खोल जखम होते, आणि मग वैद्याच्या हातात काही उरत नाही.

इथलं यकृत म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं, पित्त तयार करणारं यकृत नव्हे. चिनी वैद्यकात ते एका कार्याचं नाव आहे: ‘ची’ मोकळी वाहती ठेवणं. राग आला की ते बिघडतं. वाहिनी म्हणजे ‘ची’ वाहण्याची वाट: स्तनाग्र यकृताच्या वाहिनीवर आणि बाकीचा स्तन जठराच्या वाहिनीवर, अशी मांडणी. पुढे १६१७ साली चेन शिगोंगने हेच जास्त सविस्तर लिहिलं: काळजीने यकृत दुखावतं, विचार करकरून प्लीहा थकते, मनातल्या इच्छा अपुऱ्या राहिल्या की वाहिन्या तुंबतात आणि कफ साचून गाठ होते.

झू दानशीने नात्यातल्याच एका सुनेची हकीकत दिली आहे. वय १८, स्वभाव तापट, नवऱ्याशी छान पटायचं, त्रास होता तो सावत्र सासूचा. तिच्या स्तनात गाठ आली. वैद्यबुवांनी कोवळ्या हिरव्या संत्र्याच्या सालीचा काढा सुरू केला, अधूनमधून रक्तासाठीचं दुसरं औषध दिलं, आणि दोन महिन्यांत मुलगी बरी झाली. आजचा कुठलाही डॉक्टर हे वाचून म्हणेल की ती कॅन्सरची गाठ नव्हतीच. अठराव्या वर्षी स्तनात गाठ लागली तर बहुतेक वेळा ती साधी तंतुमय गाठ असते किंवा पाळीच्या चक्राबरोबर कमी-जास्त होणारी सूज. त्यातल्या बऱ्याचशा आपोआप विरतात. पण वैद्याच्या मनात सासू हे कारण आणि साल हे औषध, दोन्ही एका झटक्यात पक्कं झालं. सुटी उदाहरणं अशीच फसवतात, सातशे वर्षांपूर्वी आणि आजही.

आता थोडा हिशोब. एक सेंटिमीटरच्या गाठीत साधारण शंभर कोटी पेशी असतात. एका पेशीपासून सुरुवात करून दुप्पट, चौपट, आठपट असं मोजत गेलं तर तिसाव्या दुपटीला आपण तिथे पोचतो. एका दुपटीला सरासरी शंभर दिवस धरले, तर तीन हजार दिवस, म्हणजे आठ वर्षांहून जास्त. प्रत्यक्षात काही गाठी यापेक्षा वेगाने वाढतात, काही फार सावकाश. तरीही ‘परवा दिवाळीत भाऊ गेला आणि वर्षाच्या आत हिला गाठ निघाली’ ही जोडणी बसत नाही. भाऊ हयात असतानाच गाठ बहुधा तिथे होती, फक्त बोटाला लागत नव्हती. शिवाय निदान झाल्यावर बाईला विचारलं की आधी कसला ताण होता का, तर ती आयुष्य उलगडून शोधते आणि तिला काहीतरी सापडतंच. म्हणून आधी प्रश्न विचारून ठेवायचे आणि मग वर्षानुवर्षं वाट पाहायची, असा अभ्यास लागतो. ब्रिटनमध्ये लाखाहून जास्त स्त्रियांचा असा मागोवा घेतला गेला. २०१६ साली निष्कर्ष आला: ताण आणि स्तनाचा कॅन्सर यांचा म्हणावा असा संबंध दिसत नाही.

मग झू दानशीला जे दिसलं ते काय होतं? उत्तराचा धागा चीनमध्ये नाही, इटलीत आहे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली धंद्यागणिक होणाऱ्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात नोंद आहे की ख्रिस्ती मठातल्या जोगिणींमध्ये, म्हणजे नन्समध्ये, स्तनाचा कॅन्सर फार दिसतो. १८४२ मध्ये रिगोनी-स्टर्न या इटालियन वैद्याने व्हेरोना शहरातल्या मृत्यूंच्या नोंदी चाळून तेच आकड्यांत दाखवलं. जोगिणींना सासू नव्हती आणि नवऱ्याची उपेक्षाही नव्हती. मूलही नव्हतं. जिच्याकडे नवरा फिरकत नाही तिलाही मूल कमी, उशिरा किंवा नाहीच. मला वाटतं, झू दानशीने दुःखी बायकांमध्ये हा आजार जास्त पाहिला असेल तर त्या दुःखामागे हे रिकामं गर्भाशय लपलेलं असावं. हा माझा तर्क आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या रुग्णांची वही कुणी तपासू शकत नाही.

पुढचं मात्र तर्कावर नाही. १९२६ साली ब्रिटनमध्ये जॅनेट लेन-क्लेपॉन यांनी सुमारे ५०० रुग्ण स्त्रिया आणि हा कॅन्सर नसलेल्या तितक्याच स्त्रिया समोरासमोर ठेवून प्रश्न विचारले. मुलं किती, लग्न कधी, अंगावर पाजलं का. १९७० मध्ये ब्रायन मॅकमोहन यांच्या गटाने बोस्टन, अथेन्स, टोकियो, तैपेई अशा अगदी वेगळ्या शहरांतल्या स्त्रिया तपासल्या. पहिलं मूल अठराच्या आत झालेल्यांचा धोका, पस्तिशीनंतर पहिलं मूल झालेल्यांच्या जवळपास एक तृतीयांश निघाला. तैपेईतही कल तोच. मुंबईच्या कर्करोग नोंदणीत पारशी स्त्रियांमध्ये हे प्रमाण इतरांहून जास्त दिसायचं, त्यामागेही उशिरा लग्न आणि कमी मुलं हे एक कारण धरलं जातं.

हे का होतं, हाच या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग. जरा दमाने वाचा.

स्तन हा जन्माच्या वेळी पुरा न झालेला अवयव. वयात येताना दुधाच्या नळ्यांना फांद्या फुटतात, त्यांच्या टोकाला छोट्या कळ्या येतात, आणि बहुतेक कॅन्सर या टोकांपाशीच सुरू होतात. दर महिन्याला, पाळीच्या दुसऱ्या पंधरवड्यात, प्रोजेस्टेरॉन चढतं आणि तिथल्या पेशी विभागायला लागतात. गर्भ राहिला तर दुधाची तयारी हवी म्हणून. गर्भ नाही राहिला तर त्यातल्या बऱ्याच पेशी मरतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. गंमत अशी की ज्या पेशीला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन ओळखता येतं, ती स्वतः सहसा विभागत नाही. ती मुकादमासारखी असते: हुकूम तिला येतो, पण फावडं शेजारची पेशी चालवते. प्रोजेस्टेरॉन मिळालं की मुकादम पेशी रँक-एल नावाचं प्रथिन बाहेर सोडते, ते बाजूच्या आदिपेशींना, म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी घडतात त्यांना, चिकटतं आणि त्या विभागतात. दर विभागणीत डीएनएची सहा अब्ज अक्षरं नव्याने उतरवावी लागतात. चुका होतात, बहुतेक दुरुस्त होतात, एखादी राहून जाते. कॅन्सरमध्ये ही शिस्तच मोडते. हार्मोन ओळखणारी पेशी स्वतःच विभागू लागते. दर चारांतल्या जवळपास तीन गाठी इस्ट्रोजेन ओळखणाऱ्या निघतात, त्या अशा. हेच रँक-एल हाडं झिजवण्याच्या कामातही असतं. त्याला अडवणारं इंजेक्शन ठिसूळ हाडांसाठी आधीपासून वापरात आहे, आणि बीआरसीए-१ या जनुकात (त्यातल्या दोषाने स्तनाच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो) दोष असलेल्या स्त्रियांना त्याने कॅन्सर टाळता येतो का, याची चाचणी सुरू आहे.

पूर्ण दिवसांचं बाळंतपण झालं की टोकाच्या कळ्या दूध करणाऱ्या पक्क्या पेशींमध्ये बदलतात, आणि पक्की झालेली पेशी सहजासहजी विभागत नाही. उंदरांवर होसे आणि इर्मा रुसो यांनी हे दाखवलं: कोवळ्या वयाच्या, न व्यालेल्या माद्यांना कॅन्सरकारक रसायन दिलं तर गाठी येतात, व्यालेल्या माद्या बहुतांशी वाचतात. आफ्रिकेतल्या माली देशातल्या डोगोन जमातीच्या बाईला, एकामागून एक गरोदरपणं आणि लांबलेलं स्तनपान यांमुळे, आयुष्यात सुमारे १०० पाळ्या येतात. शहरी पाश्चात्त्य बाईला ४०० च्या आसपास. ३० देशांतल्या अभ्यासांची २००२ मधली बेरीज सांगते की दर बाळंतपणामागे सापेक्ष धोका ७ टक्क्यांनी आणि अंगावर पाजलेल्या दर १२ महिन्यांमागे ४.३ टक्क्यांनी कमी होतो. यावरून कुणी ‘पोरींची लग्नं लवकर उरका’ म्हणेल, तर त्याला सांगा की बाळंतपणानंतर काही वर्षं धोका उलट थोडा वाढतो आणि अल्पवयातलं बाळंतपण आईचा जीव घेऊ शकतं.

प्रोजेस्टेरॉनचा हात अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत लख्ख दिसला. पाळी गेलेल्या १६,६०८ स्त्रियांच्या चाचणीत निम्म्यांना दोन्ही हार्मोनची गोळी आणि बाकीच्यांना बिनऔषधाची गोळी होती. औषधाच्या गटात स्तनाचे कॅन्सर वाढले म्हणून २००२ मध्ये ती थांबवावी लागली. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, त्यांच्यात मात्र ते वाढले नाहीत.

एका जागी दोन्ही वैद्यकं जवळ येतात. आजच्या चिनी वैद्यकात माणसांच्या नऊ प्रकृती मानतात. त्यातली ‘कफ-ओल’ प्रकृती म्हणजे सुटलेलं पोट, तेलकट चेहरा, जड अंग. स्तनाच्या गाठींशी ती जोडली जाते. पाळी गेल्यावर बीजकोश थंडावतात, पण चरबीतलं अरोमाटेज हे विकर इस्ट्रोजेन करतच राहतं. लठ्ठपणाने पाळी गेल्यानंतर धोका वाढतो तो यामुळे. कफाच्या जागी अरोमाटेज आलं की औषध तयार करता येतं, आणि ते झालंही: अरोमाटेज रोखणाऱ्या गोळ्या आज हजारो जणी रोज घेतात.

दारू, अगदी रोज एक पेलाही, धोका वाढवते. वारशाने आलेला जनुकदोष १०० पैकी पाच-दहा रुग्णांत. घट्ट ब्रा आणि डिओडरंट यांचा काही संबंध सापडलेला नाही. सोयाबीनमुळे इस्ट्रोजेन वाढतं म्हणून घाबरणाऱ्यांसाठी: शांघायमध्ये कॅन्सर होऊन गेलेल्या ५,०४२ स्त्रियांपैकी सोया जास्त खाणाऱ्यांत मृत्यू आणि आजार उलटणं, दोन्ही कमी दिसलं. तिथे खाल्लं ते टोफू आणि सोयाचं दूध, सोया-पावडरचा तीन हजार रुपयांचा डबा नव्हे. आणि जवळपास निम्म्या रुग्णांत बाई असणं आणि चाळिशी ओलांडणं यापलीकडे कुठलंच कारण हाताला लागत नाही.

म्हणून ‘ती सगळं मनात ठेवायची ना, त्यामुळेच झालं’ हे वाक्य मला राग आणतं. केमोने केस गेलेल्या बाईला वर हेही ऐकावं लागतं, बहुतेकदा त्याच नातेवाइकांकडून ज्यांच्यामुळे ती मनात ठेवायची.

झू दानशीच्या वर्णनातले दोन शब्द मात्र आजही डॉक्टर जसेच्या तसे सांगतात: दुखत नाही. दुखत नाही म्हणून दाखवत नाहीत. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २,६६,०६४ कामगार स्त्रियांची चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात स्वतःचे स्तन तपासायला शिकवूनही मृत्यू घटले नाहीत. मुंबईत टाटा हॉस्पिटलच्या चाचणीत दीड लाख स्त्रिया होत्या, आणि त्यातल्या निम्म्यांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत होत्या. गाठी लवकरच्या पायरीवर सापडल्या. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले, पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही.