ढोलक्या (तमाशातील)

तमाशाच्या फडातील ढोलकीवादक. लावणीचे शब्द आणि चाल शाहिराची. पावलांसाठीचे तोडे (बोलांचे बांधलेले तुकडे), उठाण (जोर चढवत नेणारे बोल) आणि तिहाया (तीनदा येऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपणारे बोल) मात्र ढोलक्या बांधतो. हे बोल लिहून ठेवण्याची रीत नाही, त्यामुळे नाचाचा हा रचनाकार बहुधा निनावीच राहिला, आणि हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे.

ढोलकी-हलगी वाजवणे मातंग समाजात पिढीजात आहे. पोर आधी हलगीवर किंवा मंजिरीवर हात बसवते. ढोलकी फडात (गण, गवळण, वग असलेल्या तमाशात) ढोलकी कमरेला बांधून उभ्याने वाजवतात, संगीतबारीत (लावणीगायन आणि नाचाच्या कार्यक्रमात) बसून, जोडीला तबला आणि पेटी. गणाआधी (सुरुवातीच्या गणेशस्तवनाआधी) ढोलकी-हलगीची जुगलबंदी होते.

ढोलकीच्या उजव्या तोंडाला शाई (काळा लेप) असते. ते उंच सुरात चढवतात. डाव्या तोंडाला आतून चिकट मसाला लावतात आणि वरून बोट घासून घुमारा (घुमणारा खर्ज नाद) काढतात. ढोलक्याची खरी पारख या घुमाऱ्यावर होते. रात्रीच्या दवाने पुडी (तोंडावरचे कातडे) सैल पडून सूर उतरतो. घाईने ताण वाढवला तर पुडी फाटते. थंडीत मसाला कडक होऊन घुमारा दबतो.

लावणी बहुधा आठ मात्रांच्या धुमाळीत किंवा केरव्यात असते. कडवे चालू असताना ठेका साधा ठेवायचा, कारण तेव्हा शब्द आणि अदा बोलतात. झीलकऱ्यांनी (मागे साथ गाणाऱ्यांनी) ध्रुपद (पालुपद) उचलले की हात मोकळा सोडायचा. तिहाई नर्तकीच्या पावलासह समेवर पडली पाहिजे, म्हणून नजर तिच्या पायांवर हवी. शिट्ट्या आणि दौलतजादा (नर्तकीवर पैसे उधळणे) सुरू झाली की लय नकळत चढते. मग गाणारीचा दम तुटतो आणि घुंगरांचे बोल एकमेकांत मिसळतात. लावणी कलावंत यमुनाबाई वाईकरांनी (१९१५–२०१८) गाजवलेल्या, बसून सादर होणाऱ्या बैठकीच्या लावणीत तर भाव चेहऱ्यावर आणि हातांत असतो. तिथे फडातला जोरकस हात चालतच नाही.

फडाचा हंगाम साधारण दसऱ्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत. गावजत्रांच्या सुपाऱ्या (खेळांचे करार) पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावी फडांनी टाकलेल्या राहुट्यांत ठरतात. वादक फडमालकाकडून मोसमापूर्वी उचल (आगाऊ रक्कम) घेतो. मोसम खराब गेला की ती फिटत नाही आणि पुढच्या वर्षीही त्याच फडात राहावे लागते. पावसाळ्यात अनेकांना मजुरी करावी लागते. पुड्या बदलण्याचे आणि नवे तोडे बसवण्याचे कामही याच महिन्यांत उरकतात.