आभार देवाचे, हुकूम राणीचा: सार्वजनिक उपकारस्तुतीची पार्श्वभूमी

१ मे १८५९, रविवार. इंग्लंडमधल्या चर्चांमध्ये त्या दिवशी सरकारी हुकमाने एक खास आभारप्रार्थना झाली. हिंदुस्थानातले बंड मोडले, राणी व्हिक्टोरियाच्या फौजांना यश आले आणि मुलखात शांतता परतली, याबद्दल देवाची उपकारस्तुती. तात्या टोपे यांना शिवपुरीला फाशी देऊन तेव्हा तेरा दिवस झाले होते.

चर्चमध्ये सर्वांसमक्ष देवाचे आभार मानण्याचा इतिहास सांगताना हा दिवस सहसा वगळला जातो. सुरुवात होते स्तोत्रसंहितेपासून, आणि ती योग्यच आहे. १०७ व्या स्तोत्रात चार तऱ्हेची माणसे येतात: रानात वाट चुकलेली, अंधारकोठडीतून सुटलेली, मरणाच्या दारातून परतलेली आणि वादळातून वाचलेले खलाशी. त्यांनी देवाचे उपकार चारचौघांत, लोकांच्या सभेत मानावेत, असे ते स्तोत्र बजावते. लढाई जिंकलेल्यांचा उल्लेख या चौघांत नाही. अर्थात विजयाची गीतेही बायबलमध्ये आहेत; तांबडा समुद्र पार केल्यावरचे गीत सर्वांना माहीत आहे. राजेलोकांना पुढे तेच जास्त उपयोगी पडले.

इंग्लंडमध्ये तर याची रीतसर व्यवस्थाच होती. राजाचा जाहीरनामा निघायचा, आर्चबिशपांना प्रार्थना तयार करायला सांगितले जायचे, ती सरकारी छापखान्यात छापून गावोगावच्या चर्चला पोचायची. स्पॅनिश आरमार बुडाले त्या १५८८ साली लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये तेव्हाची राणी, पहिली एलिझाबेथ, स्वतः आभार मानायला गेली. काही कॅथलिकांनी राजासकट पार्लमेंट उडवून देण्यासाठी रचलेला १६०५ चा दारूगोळ्याचा कट फसला, तेव्हा दर ५ नोव्हेंबरला आभारप्रार्थना व्हावी असा कायदाच झाला. ती अडीचशे वर्षे चालली. तिच्यात कॅथलिकांविषयी इतकी कडवट भाषा होती की कॅथलिकांना पार्लमेंटची दारे उघडल्यानंतर ती वाचणे अनेक पाळकांना जड जाऊ लागले. अखेर राणी व्हिक्टोरियाच्या आज्ञेने ती प्रार्थनापुस्तकातून काढली गेली, जानेवारी १८५९ मध्ये.

म्हणजे एकाच वर्षी, साडेतीन महिन्यांच्या अंतराने, एक विजयाची प्रार्थना रद्द झाली आणि दुसरी सुरू झाली. आपल्याच देशातल्या दुसऱ्या पंथाला देवासमोर शत्रू म्हणणे आता बरे दिसत नाही, हे ज्यांना कळले होते, त्यांना समुद्रापलीकडच्या माणसांच्या बाबतीत ते कळले नाही. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

१८५९ च्या आधीचा टप्पाही पाहायला हवा. बंड भरात असताना, ७ ऑक्टोबर १८५७ रोजी, बुधवार असूनही साऱ्या देशाने उपास आणि पश्चात्ताप पाळला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये एका तेवीस वर्षांच्या बाप्टिस्ट उपदेशकाला ऐकायला त्या दिवशी २३,६५४ माणसे जमली होती. आपल्या राज्याच्या हातून पाप घडले, म्हणून हे संकट आले, असे तेव्हा अनेक उपदेशकांनी सांगितले. अफूच्या व्यापारावरही बोट ठेवले गेले. आभाराच्या दिवसापर्यंत तो सूर क्षीण झाला. मधल्या काळात १ नोव्हेंबर १८५८ चा राणीचा जाहीरनामा आला होता: आमचा धर्म प्रजेवर लादण्याचा हक्क आम्हाला नाही आणि इच्छाही नाही. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत हिंदुस्थानातही २८ जुलै १८५९ हा दिवस याच आभारांसाठी मुक्रर झाला. मराठी ख्रिस्ती मंडळ्या त्या वेळी मुंबईत आणि नगरला उभ्या होत्या. ज्या देवाला त्या आपला म्हणत होत्या, त्याचे आभार राज्यकर्ते त्यांच्याच देशबांधवांच्या पराभवाबद्दल मानत होते.

लढाईखेरीज रोगराई हटल्याबद्दलही असे दिवस पाळले जात. पटकीची (कॉलऱ्याची) साथ ओसरल्यावर १५ नोव्हेंबर १८४९ रोजी देशभर आभारप्रार्थना झाली. चार वर्षांनी पटकी पुन्हा आली. तेव्हा एडिनबरोच्या पाळकांनी उपासाच्या दिवसाबद्दल विचारणा केली, तर गृहमंत्र्यांनी त्यांना आधी गटारे आणि गरिबांच्या वस्त्या साफ करा असे कळवले. पुढे हळूहळू हुकमी प्रार्थनेचा जोर उतरत गेला आणि तिची जागा राजघराण्याच्या समारंभांनी घेतली. २२ जून १८९७ रोजी राणीच्या हीरकमहोत्सवाची आभारप्रार्थना सेंट पॉल्सच्या पायऱ्यांवर, उघड्यावर झाली. वयामुळे राणीला पायऱ्या चढवत नव्हत्या, ती बग्गीतच बसून राहिली. त्याच रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांच्या गोळ्या सुटल्या.

याच शतकात खालून वर आलेली एक प्रथाही रुजत होती. १८४३ मध्ये कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो या आडगावच्या पाळकाने नव्या पिकाच्या भाकरीचे प्रभुभोजन देऊन सुगीचे आभार मानायला गावकऱ्यांना बोलावले. कुणाचा हुकूम नव्हता. काही दशकांत इंग्लंडभर शरद ऋतूतला एक रविवार सुगीचा झाला. पिकाबद्दल आभार मानताना कुणाला हरवावे लागत नाही, हे त्याच्या लोकप्रियतेचे निदान एक कारण असावे.

विजयाचा प्रश्न मात्र मिटला नाही. ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या फॉकलंडच्या युद्धानंतर २६ जुलै १९८२ रोजी सेंट पॉल्समध्ये उपासना झाली, तेव्हा ती विजयाबद्दलची उपकारस्तुती असावी की मृतांची आठवण आणि समेटाची विनंती, यावर आधीच वादावादी झाली होती. आर्चबिशपांनी उपदेशात अर्जेंटिनातल्या शोकाकुल घरांचीही आठवण काढली. पंतप्रधान नाराज झाल्याच्या बातम्या आल्या. हे आर्चबिशप दुसऱ्या महायुद्धात रणगाडा दलात लढलेले, शौर्यपदक मिळवलेले अधिकारी होते, त्यामुळे युद्ध काय असते हे कुणी त्यांना शिकवण्याची गरज नव्हती.

आपल्याकडे टिकला तो सुगीचाच धागा. मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या कॅथलिक समाजाच्या, गावठाणांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा होतो: भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, आशीर्वाद झाल्यावर त्या घरोघरी वाटतात. गावठाणाभोवतीची शेते कधीच इमारतींखाली गेली, तिथे लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. खेड्यापाड्यांतल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत कापणीच्या सणाला वेदीसमोर धान्याची पोती, भोपळे, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या मांडलेल्या असतात. उपासना संपली की अंगणात त्यांचा लिलाव होतो आणि चुरस लागली की एका कोंबडीला बाजारभावाच्या कितीतरी पट बोली लागते. पैसे मंडळीच्या कामाला जातात. अवर्षणाच्या वर्षी पोती कमी येतात, सण मात्र चुकत नाही.