मागचे स्पीकर छताच्या कोपऱ्यात कसे गेले

पुण्यातल्या सदनिकांमध्ये होम थिएटरची तयारी बहुतेक वेळा उपकरणे घेण्याच्या बरीच आधी होते. पीओपीचे छत होण्यापूर्वी इलेक्ट्रिशियन भिंतीत झिरी मारतो, कंड्यूट म्हणजे तारांची नळी टाकतो आणि मागच्या दोन स्पीकरच्या तारा हॉलच्या मागच्या भिंतीत, छताला लागून दोन्ही कोपऱ्यांत बाहेर काढतो. सोफा कुठे येणार हे त्या वेळी ठरलेलेही नसते. ही पद्धत आता इतकी रुळली आहे की तिच्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही.

तिचे मूळ चित्रपटगृहांत आहे. पडद्याबाहेरून आवाज आणण्याचे प्रयोग 1940 पासून होत असले, तरी घरांपर्यंत पोचलेली परंपरा 1970 च्या दशकाच्या मध्यातली आहे. तेव्हा फितीवरच्या दोन प्रकाशीय ध्वनिपट्ट्यांत चार वाहिन्या, म्हणजे आवाजाचे चार वेगळे प्रवाह, गुंफल्या जाऊ लागल्या. त्यांतल्या तीन पडद्यामागे वाजत आणि चौथी, म्हणजे सराउंडची (प्रेक्षकाभोवतीच्या आवाजाची), बाजूच्या व मागच्या भिंतींवरच्या सगळ्या स्पीकरमधून एकसारखी वाजे. 1982 मध्ये हे तंत्र घरगुती उपकरणांत आले आणि 1987 च्या प्रो लॉजिक या त्याच्या सुधारित रूपाने त्यात मधल्या वाहिनीची भर घातली. सराउंडची वाहिनी मात्र एकच राहिली. तिचे उंच स्वर सात किलोहर्ट्झच्या पुढे कापलेले असत, शिवाय ती मुद्दाम किंचित उशिरा वाजवली जाई. स्पीकर नेमका कुठे आहे हे ऐकणाऱ्याला कळू नये, हाच हेतू असल्याने तो उंचावर आणि मागे टांगणे त्या काळात योग्यच होते.

पुण्यात हा प्रकार सर्वसामान्य घरांत शिरला तो व्हीसीडीच्या काळात. बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत, सुटे भाग आणि असेंबल केलेले अ‍ॅम्प्लिफायर मिळत. व्हीसीडीवर आवाजाच्या दोनच वाहिन्या असतात, त्यामुळे मागच्या जोडीत बहुधा पुढचाच आवाज पुन्हा सोडलेला असे. खोक्यावरचे हजारो वॅट पीएमपीओ, म्हणजे क्षणिक कमाल ताकदीचा जाहिरातीतला आकडा, मोजण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नव्हती, तरी ग्राहक त्या आकड्यावरूनच निवड करत. मागचे स्पीकर म्हणजे केवळ भरणा, ही समजूत याच काळात पक्की झाली आणि भिंतीतल्या तारांची जागाही तिनेच ठरवली.

डीव्हीडीने हे गणित मुळापासून बदलले. 1992 मध्ये चित्रपटगृहांत आलेली 5.1 ची रचना (पाच पूर्ण वाहिन्या आणि खर्जासाठी एक) 1996 च्या अखेरीपासून जपानमधून विक्रीला आलेल्या डीव्हीडीबरोबर घरोघर जाऊ लागली. तिच्यात डावा आणि उजवा सराउंड स्वतंत्र असून दोन्हींत पुढच्या स्पीकरइतकाच पूर्ण आवाज असतो. बसणाऱ्याच्या समोरची दिशा शून्य धरली, तर पुढचे स्पीकर 30 अंशांवर आणि सराउंड 100 ते 120 अंशांवर, म्हणजे कानाच्या रेषेपासून किंचितच मागे असावेत, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस 1990 च्या दशकातच झाली होती. खास पाठीमागची वाहिनी 1999 मध्ये वेगळी वाढवावी लागली. 5.1 मधले सराउंड मुळात बाजूचे होते, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

वादाचा मुद्दा इथेच आहे. कोपऱ्याची बाजू घेणारे म्हणतात की आपल्या हॉलच्या एका अंगाला गच्चीचे सरकते दार आणि दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघराकडे जाणारा पॅसेज असतो. मग बाजूची भिंत आणायची कुठून? शिवाय दहा फूट रुंदीच्या खोलीत बाजूचा स्पीकर सोफ्याच्या टोकाला बसलेल्याच्या कानाशीच येतो. दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. पण अशा हॉलमध्ये सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल आणि माणूस मधोमध बसला असेल, तर मागचा कोपरा आडव्या कोनाने 100 अंशांच्या आसपासच पडतो. म्हणजे दिशा फारशी चुकत नाही, चुकते ती उंची. कान जमिनीपासून साडेतीन फुटांवर आणि स्पीकर साडेआठ फुटांवर असेल, तर आडवे अंतरही पाचच फूट असल्याने आवाज जवळजवळ 45 अंश वरून येतो. बाजूने गाडी गेली तर ती छतावरून गेल्यासारखी वाटते.

2014 मध्ये डॉल्बी अ‍ॅटमॉस हे नवे ध्वनितंत्र घरगुती रिसीव्हरमध्ये (सगळ्या स्पीकरना आवाज वाटणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये) आल्यावर ही चूक अधिक महाग झाली. त्यात वरच्या आवाजासाठी छतातले स्वतंत्र स्पीकर असतात आणि त्यांची जागाही साधारण 45 अंशांच्याच आसपास सुचवलेली आहे. सराउंडही तिथेच टांगलेले असतील, तर पावसाचा वरचा आवाज आणि दारापलीकडचा आवाज एकाच ठिकाणाहून येतात आणि वाढीव स्पीकरवरचा खर्च वाया जातो.

अलीकडे बिनतारी सराउंड असलेल्या साउंडबारने (टीव्हीखाली ठेवायच्या लांबट स्पीकरने) अनेकांची सुटका केली आहे, तरी त्या स्पीकरलाही वीज लागतेच, आणि सोफ्यामागे प्लगपॉइंट क्वचितच असतो. वेगळा रिसीव्हर घेणाऱ्यांच्या घरी मात्र झिरीचाच निर्णय निर्णायक ठरतो. जुने कोपरे बुजवायची गरज नाही. तिथूनच भिंतीवरून पट्टीत तार खाली आणून कानाच्या किंचित वर स्पीकर लावता येतो. नव्या घरात सोफ्याच्या दोन्ही अंगांना, जमिनीपासून चारेक फुटांवर, आत ओढदोरी ठेवलेले रिकामे कंड्यूट सोडायला सांगावे. प्लास्टर होण्यापूर्वी हे काम इलेक्ट्रिशियनच्या ठरलेल्या कामातच बसते.