मुंबईच्या घराला भिंतीपेक्षा वारा मोलाचा

विदर्भातल्या जुन्या घरांच्या जाड भिंती दिवसभर उष्णता साठवतात आणि रात्रीच्या गारव्यात ती सोडून देतात. मुंबईत ही युक्ती फारशी चालत नाही, कारण मे महिन्यात दुपारी तापमान ३३-३४ अंश असले, तरी रात्रीही पारा २७ च्या आसपासच घुटमळतो. शिवाय हवा दमट असल्यामुळे घाम वाळत नाही, आणि शरीर थंड होते ते मुख्यतः घामाच्या बाष्पीभवनाने. वाहता वारा त्वचेलगतची बाष्पाने भरलेली हवा दूर सारतो, म्हणून तापमान तेवढेच असूनही जिवाला बरे वाटते.

दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे पश्चिमेकडचे. पण उतरतीचे ऊन आणि पावसाची झड हीसुद्धा तिकडूनच येते. जुन्या बंगल्यांनी खोल्यांभोवती व्हरांडा फिरवून हा पेच सोडवला होता. वास्तुशिल्पकार चार्ल्स कोरिया यांनी मुंबईतल्या कंबाला हिलवरच्या, १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या कांचनजंगा इमारतीत तोच व्हरांडा उंचावर नेला. तिथे कोपऱ्यातल्या दुमजली उंचीच्या गच्चीबागा ऊनपाऊस आधी स्वतःवर झेलतात आणि घरे पूर्व-पश्चिम आरपार असल्याने वारा थेट आत खेळतो.

आपल्या साध्या घरातही आरपार वाट हाच मुद्दा आहे. वाऱ्याला बाहेर पडायला जागा नसेल, तर तो आत शिरतच नाही. सरकत्या खिडकीच्या दोन तावदानांपैकी एक नेहमी दुसऱ्यामागे राहते, म्हणजे निम्मी खिडकी कायमची बंद. बिजागरीची खिडकी मात्र पूर्ण उघडते. (बिल्डरांना सरकत्या खिडक्यांचे एवढे प्रेम का, हा वेगळा विषय!) चाळींत दारांवर असणारी झडप दार लावल्यावरही हवा खेळती ठेवत असे, ती आपण विनाकारण गमावली.

झाडांविषयीही थोडे तारतम्य हवे. पानांतून एक लिटर पाणी बाष्परूपाने उडताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते हे खरे, पण ते बाष्प बंद खोलीत साठले तर दमटपणाच वाढतो. झाडाचा खरा उपयोग सावलीचा, म्हणून त्याची जागा घराबाहेर, पश्चिमेच्या भिंतीसमोर. उतरतीचे तिरपे ऊन छज्ज्याखालून सरळ आत घुसते. बकुळीसारखे दाट पानांचे झाड ते अडवते. जागा नसेल, तर खिडकीपासून हात-दीड हात पुढे, जाळीवर विरळ वेल चढवावा. खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंड्यांची दाटी केली, तर सावलीबरोबर वाराही अडतो.