रेट्रोच्या मुळाशी एक दोरी

हिंजवडीत मी ज्या सॉफ्टवेअर टीममध्ये होतो, तिथे दर दोन आठवड्यांनी रेट्रो, म्हणजे झालेल्या कामाकडे वळून पाहायची बैठक, व्हायची. काय जमलं, काय फसलं, पुढच्या वेळी काय बदलायचं, असे फळ्यावर तीन रकाने. मधल्या रकान्यात ‘बिल्डला (म्हणजे लिहिलेल्या कोडमधून चालता प्रोग्रॅम तयार व्हायला) फार वेळ लागतो’ ही पिवळी चिठ्ठी दर खेपेला लागायची. शेवटी एकाने ती ड्रॉवरमध्ये जपूनच ठेवली, पुन्हा लिहायचा त्रास नको म्हणून. मागील पानावरून पुढे चालू!

या बैठकीचं मूळ कॉम्प्युटरपेक्षा जुनं आहे. १९२४ साली जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी असा स्वयंचलित माग बनवला, की धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. खराब कापड विणत राहण्यापेक्षा थांबलेला माग परवडतो, हे इचलकरंजीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यात ताइची ओनो यांनी हेच तत्त्व माणसांच्या हाती दिलं. लाइनच्या बाजूने एक दोरी. काही चुकतंय असं दिसलं की कामगाराने ती ओढायची. दिवा लागतो, गटप्रमुख तिथे येतो, आणि गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोचेतो अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. साधा कामगार अख्खी लाइन थांबवू शकतो, ही त्यातली खरी गोष्ट.

भोवतालची हवाही तशीच होती. १९५० मध्ये अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी जपानी इंजिनिअरांना गुणवत्तेवर व्याख्यानं दिली. १९६२ पासून काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने क्वालिटी सर्कल उभी राहिली. तिथे कामगार स्वतःच्याच कामातल्या त्रुटी शोधत. रोज थोडी सुधारणा म्हणजे ‘कायझेन’, आणि आपलं काय चुकलं ते स्वतःशी तपासणं म्हणजे ‘हानसेई’. काम उत्तम झालं तरी हानसेई चुकत नाही, हे मला यात सगळ्यात आवडतं.

सॉफ्टवेअरमध्ये मात्र मागे वळून पाहायचं ते प्रोजेक्ट संपल्यावर. नावच ‘पोस्टमॉर्टेम’. बैल गेला नि झोपा केला, असा तो कारभार. आणि त्यातही निम्मा वेळ खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं यात जायचा. सॉफ्टवेअर सल्लागार नॉर्म कर्थ यांनी नाव बदलून ‘रेट्रोस्पेक्टिव्ह’ केलं आणि २००१ च्या आपल्या पुस्तकात बैठकीआधीची एक अट घातली: तेव्हा जेवढं माहीत होतं, जेवढं कौशल्य आणि साधनं हाताशी होती, त्यात प्रत्येकाने जमेल तितकं चांगलंच काम केलं, असं मानून बोलायला बसायचं. अनेकांना हे भाबडं वाटतं. पण ही अट पाळली नाही, तर लोक चिठ्ठीवर खरं लिहीतच नाहीत.

त्याच वर्षी फेब्रुवारीत युटामधल्या स्नोबर्डला १७ जण जमले आणि अ‍ॅजाइलचा जाहीरनामा निघाला; अ‍ॅजाइल म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं बनवत, बदलत जायची पद्धत. त्यातलं बारावं तत्त्व असं, की टीमने ठरावीक काळाने आपल्या कामाकडे वळून पाहावं आणि आपली पद्धत बदलावी. बैल गोठ्यात असतानाच झोपा लावायचा, एवढाच त्याचा अर्थ. २००६ मध्ये एस्थर डर्बी आणि डायना लार्सन यांनी बैठकीला पाच टप्प्यांचा साचा दिला. आज बहुतेक टीम कळत-नकळत तोच वापरतात.

पण जपानहून अमेरिकेला येताना दोरी वाटेतच राहिली. चिठ्ठी लावल्याने काहीच थांबत नाही. स्क्रम या अ‍ॅजाइल कार्यपद्धतीच्या अधिकृत मार्गदर्शिकेने २०१७ मध्ये ही फट बुजवायचा प्रयत्न केला: रेट्रोतली किमान एक महत्त्वाची सुधारणा पुढच्या स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या पुढच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्याच्या, कामात घेतलीच पाहिजे. २०२० च्या आवृत्तीत ही सक्ती गेली; सुधारणा लवकरात लवकर कराव्यात, हवं तर स्प्रिंटमध्ये घ्याव्यात, एवढंच उरलं. मला हे काही पटलेलं नाही.

कारण आमची पिवळी चिठ्ठी सुटली ती सक्तीमुळेच. नव्या मॅनेजरने ती ड्रॉवरमधून काढून घेतली, तिचं तिकीट केलं, म्हणजे कामांच्या यादीत रीतसर नोंद केली, आणि एका पोरीला तीन दिवस दुसरं काहीही काम दिलं नाही. पुढच्या रेट्रोत मधल्या रकान्यात नवीच तक्रार होती: एसी फार गार आहे.