प्रजननासाठी भडक रंगाचा बॉल पायथन निवडणं

बॉल पायथन, शास्त्रीय नाव पायथन रेजियस, हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बुटका, जाडसर, बिनविषारी अजगर. घाबरला की डोकं मधे खुपसून अंगाचा चेंडू करतो म्हणून हे नाव, युरोपात याला रॉयल पायथन म्हणतात. १८०२ मध्ये जॉर्ज शॉ यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. मादी साधारण ३ ते ५ फूट, नर त्याहून लहान. मूळ रंग म्हणजे गडद चॉकलेटी अंगावर खाकी-सोनेरी चट्टे, दिसायला छानच, पण भडक अजिबात नाही. भडक पिवळे, केशरी, पांढरे, जांभळट जे दिसतात ते सगळे मॉर्फ, म्हणजे रंग किंवा नक्षी बदलणाऱ्या जीनमुळे वेगळे दिसणारे साप, जात तीच. बंदिस्त अवस्थेत पैदा झालेला पहिला अल्बिनो १९९२ चा, पायबाल्ड (अंगावर मोठे पांढरे भाग असलेला) १९९७ मध्ये सिद्ध झाला, आणि तिथून जी गाडी सुटली ती आज हजारो कॉम्बिनेशनपर्यंत आलीय.

आता प्रजननासाठी साप घ्यायचा म्हटलं की नवीन माणूस काय करतो तर ज्या पिल्लाचा रंग सगळ्यात जास्त डोळ्यात भरतो ते उचलतो. इथेच घोडं पेंड खातं. पिल्लाचा रंग मोठेपणी तसाच राहील याची खात्री नसते, आणि राहिला तरी पुढच्या पिढीत जातो तो जीन, तुम्हाला आवडलेली ती झळाळी नाही. पाळायला साप घेताना रंग बघायचा, पैदाशीला घेताना आईबाप बघायचे, एवढा साधा फरक आहे पण तो कळेपर्यंत बहुतेकांचे एक-दोन साप घेऊन झालेले असतात.

रंग टिकतो का

सापाच्या कातडीत रंगाच्या वेगवेगळ्या पेशी असतात, काळा-तपकिरी रंग देणाऱ्या, पिवळा-लाल देणाऱ्या आणि प्रकाश परावर्तित करणाऱ्या. बहुतेक भडक मॉर्फमध्ये नवीन रंग आलेला नसतो, काळा कमी झालेला असतो म्हणून खालचा पिवळा उठून दिसतो. अल्बिनोत काळं रंगद्रव्य बनतच नाही, त्यामुळे पिवळा-पांढरा अंग आणि लाल डोळे. तो वयानुसार थोडा बदलतो पण पिवळा-पांढरा कायम राहतो. पेस्टल या मॉर्फचं मात्र तसं नाही. पेस्टलचं पिल्लू लिंबासारखं पिवळं असतं आणि २-३ वर्षांत त्याच्यावर तपकिरी छटा चढते, कधी कधी इतकी की नवख्याला तो साधा सापच वाटतो. याला ब्रीडर लोक ‘ब्राउन आउट’ झाला म्हणतात. पण सगळेच पेस्टल सारखे उतरत नाहीत, काही लाइन, म्हणजे एकाच मूळ सापापासून चालत आलेले वंश, मोठेपणीही स्वच्छ पिवळ्या राहतात, म्हणून पेस्टल घेताना पिल्लाचा फोटो बघून उपयोग नाही, त्याच्या आईबापाचा आत्ताचा, मोठेपणीचा फोटो मागायचा. द्यायला टाळाटाळ केली तर काय ते समजायचं.

बनाना हा दुसरा नमुना. पिल्लू असताना जांभळट करड्या अंगावर पिवळे-केशरी पट्टे, अगदी स्वच्छ. वय वाढतं तसे अंगावर काळे ठिपके उठायला लागतात, पिकत आलेल्या केळ्यावर उठतात ना अगदी तसे. काहींना ते आवडतात, काहींना नाही, पण हे होणार हे माहीत असावं. उलट डेझर्ट घोस्ट आणि एन्ची हे जीन सोबत असले की मोठेपणीचा रंग स्वच्छ राहायला मदत होते, म्हणून अनुभवी लोक नुसता भडक जीन बघत नाहीत, त्याच्या जोडीला काय आहे ते बघतात.

फोटोचं तर काय सांगायचं. भडक दिव्याखाली, काळ्या कापडावर, नुकतीच कात टाकल्यावर काढलेला फोटो आणि त्यावर थोडं एडिटिंग, म्हणजे कोणताही साप सोन्याचा दिसतो. उलटही होतं. कात टाकायच्या आधी आठवडाभर डोळे निळसर-दुधी होतात आणि अंग धुरकट, त्या दिवसांत बघितलेला चांगला साप माणूस नाकारून येतो. रंग बघायचा तर कात टाकल्यावर दोन-तीन दिवसांत, दिवसाच्या साध्या उजेडात, सावलीत. आणि शेजारी एखादा साधा रंगाचा साप ठेवून बघितला तर अजून बरं, कारण चार भडक सापांत एक भडक साप ओळखू येत नाही.

जीनचं गणित

मॉर्फ ढोबळमानाने दोन प्रकारे पुढे जातात. अल्बिनो, लॅव्हेंडर अल्बिनो, पायबाल्ड, क्लाउन, अ‍ॅक्झॅंथिक (पिवळा रंग नसलेला, करडा) हे रिसेसिव्ह, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून जीनची एकेक प्रत आली तरच दिसतात. एकच प्रत असलेला साप दिसायला साधा, त्याला हेट म्हणतात. दुसरा गट पेस्टल, मोहावे, लेसर, एन्ची, फायर, येलो बेली यांचा, एका प्रतीत दिसतात आणि दोन प्रतींत वेगळंच रूप घेतात, त्याला सुपर म्हणतात. लेसरचा सुपर तर अख्खा पांढरा आणि डोळे निळे. याला सगळे को-डॉमिनंट म्हणतात, शास्त्रानुसार खरा शब्द इन्कम्प्लीट डॉमिनंट, पण आता ते चुकीचंच रूढ झालंय.

एकाच मॉर्फचे दोन हेट जोडले तर प्रत्येक पिल्लाला भडक व्हायची संधी २५ टक्के. उरलेल्या साध्या दिसणाऱ्या पिल्लांपैकी दोन तृतीयांश हेट असतात पण कोणती ते दिसत नाही, म्हणून ती ‘६६ टक्के पॉसिबल हेट’ म्हणून विकली जातात. भडक अल्बिनो आणि साधी मादी जोडली तर एकही पिल्लू अल्बिनो नाही, सगळी हेट, मात्र १०० टक्के. ५-६ अंड्यांच्या एका क्लचमध्ये २५ टक्के म्हणजे कधी तीन, कधी शून्य, त्यामुळे ‘दोन हेट घेतले, पुढच्या वर्षी अल्बिनो’ हे मनातले मांडे. आता कातेवरून जीन तपासून मिळतो, अल्बिनोचा दोष काळं रंगद्रव्य बनवायला लागणाऱ्या टायरोसिनेज जीनमध्ये असल्याचं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि त्या कामासाठी काती साप पाळणाऱ्यांनीच पाठवल्या होत्या. सगळ्या मॉर्फची टेस्ट अजून नाही, पण ज्याची आहे त्याची करूनच पॉसिबल हेट घ्यावा असं माझं मत.

अ‍ॅक्झॅंथिकमध्ये एक गोम आहे. त्याच्या अनेक लाइन आहेत आणि सगळ्या एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणजे दोन वेगळ्या लाइनचे दोन करडे साप जोडले तर पिल्लं साधी निघू शकतात. लाइनचं नाव माहीत नसलेला अ‍ॅक्झॅंथिक पैदाशीला घेऊ नये.

बनानाचं गणित अजून मजेशीर, कारण तो जीन लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर आहे. नर बनानाला तो जीन बापाकडून आला असेल तर त्याची बनाना पिल्लं जवळपास सगळी नर निघतात, आईकडून आला असेल तर जवळपास सगळ्या माद्या. पहिल्याला मेल मेकर, दुसऱ्याला फीमेल मेकर म्हणतात. बाहेरून दोघांत काडीचाही फरक नाही, म्हणून बनाना नर घेताना पहिला प्रश्न हाच, जीन आईचा की बापाचा?

जे रंग महागात पडतात

स्पायडर हा अजूनही सगळ्यात देखणा मॉर्फ म्हणता येईल, सोनेरी अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेघा. पण त्या जीनसोबत डोक्याचा झोक येतोच, कमी किंवा जास्त. शांत बसलेला असताना कळत नाही, भक्ष्य समोर धरलं की डोकं डोलायला लागतं, मान पिळवटते, कधी उलटी होऊन वर बघत राहते आणि नेम चुकून तोंड भलतीकडेच आपटतं. २०२२ च्या एका अभ्यासात स्पायडरच्या आतल्या कानाची, तोल सांभाळणाऱ्या भागाची रचनाच बिघडलेली आढळली. म्हणजे ‘चांगल्या लाइनचा स्पायडर घ्या, झोक जाईल’ हे खरं नाही, रंग आणि झोक वेगळे काढता येत नाहीत. शॅम्पेन आणि वोमा यांच्यातही असाच त्रास दिसतो. विकणारा शांत बसलेला साप दाखवेल, तुम्ही तो खाताना बघा.

सुपर सिनॅमन आणि सुपर ब्लॅक पेस्टलमध्ये बदकासारखं चपटं तोंड आणि वाकडा कणा, कॅरॅमल अल्बिनोतही कणा वाकडा, सुपर लेसरमध्ये डोळे बाहेर आलेले, हे प्रकार होतात. डेझर्ट तर रंगाने अप्रतिम, पण त्याच्या माद्यांना अंडी घालताना त्रास होतो, अंडी अडकतात, मादी दगावते, त्यामुळे पैदाशीच्या कामाची नाही. डेझर्ट घोस्ट हा पूर्ण वेगळा जीन, त्यात ही भानगड नाही, नावाच्या साम्याने गोंधळू नका.

प्रत्यक्ष साप हातात घेतल्यावर

रंग विसरून आधी बोटं कण्यावरून मानेपासून शेपटीपर्यंत हळूच फिरवायची, कुठे गाठ किंवा खटका लागतो का. निरोगी साप हाताला पकड घेतो, ओल्या दोरीसारखा लोंबत नाही. नाकाशी बुडबुडे, तोंडाच्या कडेला चिकट लाळ, श्वासाला शिट्टीसारखा आवाज असेल तर सरळ परत द्यायचा, साधा संसर्ग असू शकतो किंवा निडोव्हायरस हा श्वसनाचा विषाणू, आणि तो घरातल्या बाकी सापांत गेला तर अख्खं कलेक्शन धोक्यात. हनुवटीच्या खाचेत आणि डोळ्यांभोवती काळे बारीक ठिपके हलताना दिसले तर माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे. नवीन साप कसाही असो, दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी. खाण्याची नोंदवही मागा, हे साप रुसले की महिनोनमहिने खात नाहीत. नर-मादी नीट माहितगाराकडून तपासून घ्या, अंदाजावर नको. कायद्याने ही जात साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये येते, त्यामुळे कागद नसलेला साप कितीही सुंदर असला तरी नको.

नर की मादी भडक घ्यावी? माझ्या मते जास्त जीन नरात असावेत, कारण एक नर एका हंगामात अनेक माद्यांना चालतो आणि साधारण वर्ष-दीड वर्षात, ५००-७०० ग्रॅमला तयार होतो. मादीला १५०० ग्रॅम आणि जवळपास ३ वर्षं लागतात, तिच्यात घाई केली तर तीच खंगते. मोठी मादी विकत घेतली तर अजून एक लक्षात ठेवायचं, ती आधीच्या नराचं वीर्य अंगात साठवून ठेवू शकते, म्हणजे पहिल्या क्लचचा बाप तुमचा नर असेलच असं नाही. २०२० मध्ये सेंट लुइस प्राणिसंग्रहालयातल्या ६२ वर्षांच्या पुढच्या मादीने ७ अंडी घातली, पंधरा वर्षांहून जास्त काळ नराशी संबंध नसताना, मात्र ती साठवलेल्या वीर्यामुळेच आली असं म्हणता येत नाही.

अंडी ३१-३२ अंशाला ठेवली की ५५-६० दिवसांत फुटतात. पिल्लं बाहेर आली की पहिल्याच दिवशी रंग ठरवायची घाई करू नये, तेव्हा ती ओली आणि मंद दिसतात. आठवडा-दहा दिवसांत पहिली कात पडते, कोणतं पिल्लू ठेवायचं ते त्यानंतर बघायचं.